लेक म्हणते फॉर्मवर दम्याचं लिहू नको, कॅम्पला पाठवू का?

पत्र थोडक्यात असं आहे: "नमस्कार ताई, माझी मुलगी १४ वर्षांची आहे. सुट्टीत चार दिवसांच्या अ‍ॅडव्हेंचर कॅम्पला जायचं म्हणून मागे लागलीय. ट्रेक, रॅपलिंग, तलावात कयाकिंग, एक नाइट वॉक असं सगळं आहे. तिचा सगळा ग्रुप चाललाय. मिस्टर म्हणतात काही गरज नाही, उगाच जिवाशी खेळ. मला वाटतं जाऊ द्यावं पण मलाही रात्री झोप लागत नाहीये. आयोजकांना फोन केला तर म्हणाले मॅडम शंभर टक्के सेफ आहे, आजपर्यंत आमच्याकडे एकही अ‍ॅक्सिडेंट नाही. फॉर्मवर मात्र लिहिलंय की काही झालं तर जबाबदारी आमची नाही. सेफ आहे की नाही हे आपण कसं ठरवायचं? आणि हो, तिला थोडा दमा आहे, पंप क्वचितच लागतो, पण ती म्हणते फॉर्मवर लिहू नको नाहीतर मला बसवून ठेवतील. — एक आई"

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या "आणि हो" पाशी थांबले. तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय ते, पण माझ्या मते अख्ख्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून कडा उतरायची, उंची, तलावाची खोली, नाइट वॉकचा अंधार हे सगळं नंतर. त्याच्याकडे मी येतेच, आधी थोडं मागून सुरू करते.

मी अकरा वर्षं मुलांना घेऊन डोंगरात आणि पाण्यावर गेलेय, आधी मदतनीस म्हणून आणि मग लीडर म्हणून, आणि आता स्वतःच्या मुलाला दुसऱ्यांच्या भरवशावर पाठवते त्यामुळे दोन्हीकडची झोप न लागणारी रात्र मला माहितीये. आणि इतक्या वर्षांनंतर मी एवढंच सांगू शकते की "हे सेफ आहे का" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही कारण त्याला समोरचा हो म्हणणार नाहीतर नाही म्हणणार, आणि ज्याला कॅम्प भरायचाय तो हो म्हणणार. प्रश्न असा विचारायचा की "तुम्ही कधी परत फिरता?" कुठल्या परिस्थितीत तुम्ही ही अ‍ॅक्टिव्हिटी रद्द करता, तो निर्णय कोण घेतं, आणि मागच्या वेळी असं कधी झालं होतं? बस. एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

ज्यांनी खरंच काम केलंय ते लगेच बोलायला लागतात. ते सांगतात की वारा अमुक दिशेने सुटला की आम्ही बोटी पाण्यात उतरवतच नाही, खडक ओला असेल तर रॅपलिंगऐवजी खाली गाठी शिकवतो, दोन वर्षांपूर्वी एकदा अर्ध्यातून फिरलो होतो आणि पालक वैतागले होते. त्यांच्याकडे किस्से असतात, आणि ते किस्से फार शूरपणाचे नसतात. ज्यांनी विचार केलेला नाही ते म्हणतात, "मॅडम तशी वेळच येत नाही." तशी वेळ येत नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातात मी माझं मूल देणार नाही.

आता ते "एकही अ‍ॅक्सिडेंट नाही" बद्दल. हे वाक्य खोटं असेल असं मी म्हणत नाही, पण त्यातून काही कळत नाही. माझंच सांगते. एकदा २२ मुलं घेऊन आम्ही डोंगरावर चाललो होतो, ठरलं होतं की दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं. निघायलाच उशीर झाला, एकाचा बूट चावत होता, दोन जणी दमल्या होत्या, आणि एक वाजला तेव्हा माथा समोर दिसत होता. मुलं म्हणाली ताई प्लीज, एवढ्या जवळ आलोय. आणि मी ऐकलं. पोचायला अडीच वाजले आणि उतरताना शेवटचा दीड तास अंधार, २४ माणसांत सात टॉर्च, मी पुढे आणि माझा सहकारी मागे आणि मध्ये ओळीत मुलं एकमेकांच्या बॅगा धरून. कुणाला खरचटलं पण नाही. दुसऱ्या दिवशी पालकांनी थँक्यू म्हणलं, मुलांनी फोटो टाकले, आणि रेकॉर्डवर तो ट्रेक "सुखरूप" म्हणून गेला. पण तो निर्णय चुकीचाच होता, आम्ही फक्त वाचलो. आणि वाईट काय तर पुढच्या वेळी एक वाजता थांबणं मला आणखी अवघड गेलं कारण मागच्या वेळी काहीच झालं नव्हतं ना. असे दहा ट्रेक वाचले की माणूस छातीठोक सांगतो आमच्याकडे अ‍ॅक्सिडेंट होत नाहीत.

इयान मॅकॅमन नावाच्या अमेरिकन माणसाने हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास केला होता, माणसं धोक्याच्या खुणा दिसत असताना पुढे का गेली हे शोधायला. त्यात त्याला जे दिसलं त्यातलं एक असं की ओळखीच्या जागी शिकलेसवरलेले लोकही न शिकलेल्यांसारखेच वागतात. शंभरदा आलोय इथे, काय होतंय. दुसरं म्हणजे एकदा ठरवलंय तर तडीस न्यायचंच, आणि तिसरं, ग्रुपमध्ये एक जण भारी वाटणारा असला की बाकीचे आपली शंका गिळून टाकतात. बर्फाचं सोडा, मी हे तिन्ही साध्या डोंगरउतारावर पाहिलंय, आणि वर सांगितलेल्या त्या दिवशी तर हे तिन्ही माझ्यातच होतं.

एक जुनी घटना सांगते, ती माझ्या डोक्यातून जात नाही. २२ मार्च १९९३, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा लाइम बे. एका शाळेची आठ मुलं, त्यांचे एक शिक्षक आणि अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरचे दोन इन्स्ट्रक्टर कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होड्या, घेऊन समुद्रात निघाले, किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच्या गावापर्यंत जायचं एवढाच बेत. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. किनाऱ्यावर उभं राहिलं की असा वारा फसवतो, कारण काठाजवळ पाणी शांत दिसतं, लाटा दिसतात त्या आत गेल्यावर. शिक्षकांची कयाक उलटत राहिली, एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी अडकला, मुलं दुसऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत आत ढकलली गेली, एकेक कयाक पाण्याने भरून उलटली आणि मुलं तासन् तास गार पाण्यात राहिली. त्यांच्याकडे मदतीची खूण करायला फ्लेअर, म्हणजे लांबून दिसणारा उजेड पाडणाऱ्या नळ्या, नव्हते. ठरलेल्या वेळेला पोचली नाहीत तरी कोस्टगार्डला कळवायला कित्येक तास गेले. चार मुलं गेली, १६-१७ वर्षांची.

आणि आता ऐका, याच्या आदल्या वर्षी त्याच सेंटरमधल्या दोन इन्स्ट्रक्टरांनी नोकरी सोडताना मालकाला पत्र लिहून सांगितलं होतं की इथल्या सुरक्षेकडे नीट लक्ष द्या नाहीतर एक दिवस काहीतरी भयंकर होईल. पत्र गेलं, काही बदललं नाही. पुढे कोर्टात ते पत्र आलं, मालकाला तुरुंगवास झाला, कंपनीही दोषी ठरली आणि १९९५ मध्ये ब्रिटनने खास तरुण मुलांच्या अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरांसाठी कायदा केला, ज्यात अशा सेंटरना परवाना आणि तपासणी आली.

मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. मला त्यात दिसतं ते असं की समुद्र काही अचानक बदलला नव्हता. वारा होता, पाणी गार होतं, मुलं नवखी होती, हे सगळं सकाळी किनाऱ्यावर उभं असतानाच होतं. थांबवणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांनी आधी आवाज उठवला त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून मी विचारायला सांगते की तुमच्याकडे "नको" म्हणायचा अधिकार कुणाला आहे. सगळ्यात ज्युनिअर इन्स्ट्रक्टर म्हणाला मला आज बरोबर वाटत नाहीये, तर काय होतं? चांगल्या टीममध्ये त्यावर वाद घालत नाहीत, थांबतात.

आता तुमच्या लेकीकडे येऊ या, कारण तिचंही नेमकं हेच चाललंय. तिच्याकडे एक माहिती आहे जी लीडरला पाहिजे आणि ती ती लपवतेय कारण तिला भीती आहे की खरं सांगितलं तर बाहेर बसवतील. यात तिचा दोष मी अजिबात मानत नाही. १४व्या वर्षी सगळे मैत्रिणी दोरावर उतरत असताना आपण खाली पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायचं ही कल्पनाच असह्य असते. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला होता, गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमचा, काही जणांनी एकटं खेळायचं आणि काही जणांनी आपल्या वयाचे बरोबरचे बघत असताना. बरोबरचे बघत असताना टीनएजर मुलं एकट्याने खेळणाऱ्या टीनएजरांपेक्षा कितीतरी जास्त रिस्क घेत होती आणि मोठ्या माणसांत तो फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे तुमच्या समोर सोफ्यावर बसलेली समंजस मुलगी आणि ग्रुपमध्ये कड्यावर उभी असलेली मुलगी, यात थोडा फरक पडणारच, ती खोटारडी आहे म्हणून नाही, त्या वयात असंच होतं.

दमा म्हणजे जाऊ नये असं नाही. बरीच दमेकरी मुलं उत्तम ट्रेक करतात. पण लीडरला माहीत नसेल तर तो तिला दम लागलेला बघून समजणार की स्टॅमिना कमी आहे, आणि म्हणणार चल चल, थोडंच राहिलंय. शेकोटीच्या धुराजवळ बसवणार, धुळीच्या वाटेवर सगळ्यात मागे ठेवणार, पहाटेच्या गार हवेत पळायला लावणार, आणि या तिन्ही गोष्टी दम्याला चिथवू शकतात. म्हणून हे तीन-चार गोष्टी कराच. जायच्या आधी तिच्या डॉक्टरांना भेटा आणि कॅम्पमध्ये काय काय आहे ते सांगून विचारा, व्यायामाआधी पंप घ्यायचा का, घ्यायचा तर किती वेळ आधी, आणि त्रास झाला तर किती पफ, कितीनंतर हॉस्पिटल, हे एका कागदावर लिहून घ्या. त्या कागदाची एक कॉपी लीडरकडे, एक तिच्याकडे. पंप एक तिच्या अंगावर, म्हणजे खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये, मोठ्या बॅगेत नाही कारण मोठी बॅग बसमध्ये राहते, आणि दुसरा लीडरकडे. पंपावरची एक्सपायरी बघा, क्वचित लागतो म्हणताय म्हणजे तो जुना असू शकतो, आणि आत औषध शिल्लक आहे का तेही बघा.

आणि फॉर्म तिलाच भरू द्या. तिच्यावर ओरडून तुम्ही भरू नका, तिच्या शेजारी बसा आणि म्हणा की तू लिही, आणि मी फोन करून विचारते की तुला काय काय करता येईल. मग फोन स्पीकरवर ठेवून तिच्यासमोर आयोजकांना सांगा. ते काय म्हणतात यावरून तुम्हाला त्या कॅम्पबद्दल जितकं कळेल तितकं दुसऱ्या कशावरूनही कळणार नाही. "काही नाही हो, आम्ही बघतो" म्हणून विषय बदलला तर वाईट. "मग नका पाठवू" म्हणाले तर निदान प्रामाणिक आहेत पण त्यांना या गोष्टीचा अनुभव नाही. आणि समोरून उलट प्रश्न आले, शेवटचा अ‍ॅटॅक कधी आला होता, कशाने येतो, पंप स्वतः घेता येतो का, तर समजा की तिकडे कुणीतरी डोकं वापरणारं आहे. तिलाही कळेल की खरं बोललं की दरवाजा बंदच होतो असं नाही. हे एक शिकली ना, तर पुढे १८व्या वर्षी मित्रांच्या गाडीत बसताना, धबधब्याच्या कडेला उभं राहताना ती "मला नको" म्हणू शकेल, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसणार आहात.

तुमच्या मिस्टरांबद्दल. "जिवाशी खेळ" म्हणणं मला टोकाचं वाटतं पण त्यांची भीती खोटी नाही, ती उडवून लावू नका. त्यांना एवढंच सांगा की धोका आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडा हा धोका आहे, तो तिथे असतोच, पण कड्यापासून कुणी किती लांब, कशाला बांधलेलं आणि कुणाच्या नजरेखाली आहे यावर जोखीम ठरते, आणि ती कमीजास्त करता येते. शून्य मात्र करता येत नाही, शंभर टक्के सेफ असं काही नसतं, आणि म्हणूनच ते वाक्य ऐकलं की मी सावध होते. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधक मुलांच्या धाडसी खेळांवर बरीच वर्षं काम करतायत, त्यांनी २००७ मध्ये अशा खेळांचे सहा प्रकार मांडले, उंची, वेग, धारदार हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टी, धसमुसळेपणा आणि एकटं भटकणं. मुलं सगळीकडे या गोष्टींकडे ओढली जातात, आणि थोडी थोडी भीती हाताळत हाताळत जोखीम ओळखायला शिकतात. घरात बसवून ठेवलेलं मूल ही भीती नंतर एकदम आणि बऱ्याचदा चुकीच्या संगतीत चाखतं. मिस्टरांना आयोजकांच्या फोनवर बरोबर बसवा. घाबरणारा माणूस प्रश्न चांगले विचारतो.

आता एकेक अ‍ॅक्टिव्हिटी, जेवढं मला महत्त्वाचं वाटतं तेवढंच.

पाण्याची मला जास्त काळजी वाटते, दोरापेक्षा जास्त. दोरावर सगळे टक लावून बघत असतात, पाण्यावर सगळे रिलॅक्स असतात. आणि बुडणं सिनेमात दाखवतात तसं नसतं, हात हलवून वाचवा वाचवा नाही. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन लाइफगार्डने बुडणाऱ्या माणसांचं बारकाईने निरीक्षण करून लिहून ठेवलंय की बुडणारा ओरडू शकत नाही कारण तोंड वर आलं की जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळतो, हात आपोआप बाजूला पाणी दाबत राहतात, आणि हे सगळं २० ते ६० सेकंदात संपतं. म्हणजे काठावर बसून फोन बघणारा माणूस हा लाइफगार्ड नाही. तिला पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट पाहिजेच, आणि जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नाही. सगळे पट्टे लावल्यावर कुणीतरी मागून खांद्याचे पट्टे धरून वर ओढून बघायचं, जॅकेट हनुवटीच्या वर, कानापर्यंत सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही, पाण्यात गेल्यावर ते वर आणि मूल खाली. हे तिला घरीच शिकवा, स्वतःचं स्वतः तपासायला. आणखी एक, बाहेरून सारखी दिसणारी जॅकेटं दोन प्रकारची असतात, ५० न्यूटनची (न्यूटन हे तरंगवायच्या ताकदीचं माप) फक्त तरंगायला मदत करतात, बेशुद्ध माणसाला ती पाठीवर उलटवतील याची खात्री नसते, त्यासाठी निदान १०० न्यूटनचं लाइफ जॅकेट लागतं. शांत तलावात, काठाजवळ, मदतीची बोट पाण्यात असताना कयाकिंगला ५०चं वापरतात आणि ते चालतं, पण मदतीची बोट पाण्यात पाहिजे, काठावर बांधलेली नाही.

रॅपलिंगला विचारायचं ते एकच, दुसरा दोर असतो का. म्हणजे मूल ज्या दोरावरून उतरतं तो एक, आणि वरून इन्स्ट्रक्टरच्या हातात असलेला सेफ्टीचा वेगळा दोर, ज्याला बिले म्हणतात. मुलाचा हात सुटला, ते घाबरून थिजलं, तरी ते त्या दुसऱ्या दोरावर राहतं. नवख्या मुलांना एका दोरावर उतरवत असतील तर सरळ नाही म्हणा, त्यात चर्चेला जागा नाही. हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, गाठ, कॅराबिनरचं म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं लॉक, हे प्रत्येक मुलाचं इन्स्ट्रक्टरने स्वतः हात लावून बघायचं, "सगळ्यांनी चेक केलं ना" असं ओरडून विचारायचं नाही. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनाही, कारण दगड खालच्यांवरच पडतात. लेकीचे केस लांब असतील तर घट्ट बांधून टीशर्टच्या आत. दोर ज्या यंत्रातून सरकतो त्यात केस ओढले गेले की मूल मध्येच अडकतं, वर नाही खाली नाही, आणि ते फार वेदनादायक असतं.

ट्रेकचं गणित. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा हिशेब दिला तो अजून वापरतात, सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास वेगळा. हा धडधाकट मोठ्या माणसाचा वेग, विश्रांती न धरता. मुलांच्या ग्रुपला याच्या दीडपट तरी धरा. आयोजकांनी दिलेलं अंतर आणि चढ घेऊन स्वतः हिशेब करा, आणि अंधार पडायच्या आत दोन तास हाताशी राहत नसतील तर विचारा की उशिरा का निघताय. ग्रुपच्या पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस, आणि एखादं मूल जखमी झालं तर त्याच्यापाशी एक थांबेल, एक मदत आणायला जाईल, मग बाकीच्यांना कोण सांभाळेल? दर किती मुलांमागे एक लीडर असा ठोक आकडा मी देत नाही, तो जागेवर आणि वयावर अवलंबून असतो, पण या प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे.

वीज. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. लख्ख उजेड आणि आवाज यात ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ असेल तर ती १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा कडा, एकटं झाड, पाणी सगळं सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. तंबू चालत नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला तरी. हे मुलीलाही सांगा, तिला गंमत वाटेल मोजायला.

नाइट वॉकबद्दल फार नाही, प्रत्येकाकडे टॉर्च, थांबलं की डोकी मोजणं, आणि वाट दिवसा बघितलेली असावी.

खरी गडबड कुठे होते सांगू? टाइमटेबलमध्ये जे नाही तिथे. अ‍ॅक्टिव्हिटी संपली, जेवण व्हायचंय, मुलं इकडेतिकडे पांगली, कुणीतरी म्हणतं चल त्या टोकावर फोटो काढू, कुणीतरी पाण्यात पाय बुडवायला जातं. लीडर दमलेले, दोर गुंडाळतायत. विचारा की मधल्या वेळात मुलांवर कोण असतं, नाव सांगा. आणि रात्री? मुलींच्या तंबूंच्या बाजूला बाई लीडर आहे का, कुणीही मोठं माणूस एका मुलाबरोबर एकटं बंद जागेत राहणार नाही असा नियम आहे का. हे विचारायला संकोच वाटतो, मला माहितीये, पण चांगल्या आयोजकाला याचं वाईट वाटत नाही, त्याच्याकडे उत्तर तयार असतं. तसंच प्रवास. बस रात्रभर चालवून सकाळी सहाला पोचणार असेल आणि ड्रायव्हर एकच असेल तर माझ्या मते त्या चार दिवसांतली ती सगळ्यात मोठी जोखीम आहे, कड्यापेक्षा मोठी, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

फॉर्मवरची ती ओळ, जबाबदारी आमची नाही. बरेच जण छापतात. मी त्या ओळीपेक्षा वरच्या मजकुराकडे बघते. काय काय होऊ शकतं हे तिथे स्पष्ट लिहिलंय का, म्हणजे पडणं, पाण्यात उलटणं, हाड मोडणं, आणि ते टाळायला आम्ही हे करतो आणि झालं तर असं करतो, जवळचं हॉस्पिटल गाडीने इतक्या मिनिटांवर. हे लिहिलं असेल तर तुम्ही समजून उमजून सही करताय. नुसतीच हात झटकणारी ओळ असेल तर लेखी विचारा, लेखी उत्तर मागा. त्यांनी निष्काळजीपणा केला तर अशा एका ओळीने ते आपोआप सुटतात असं समजू नका, पण मूल दुखावल्यावर कायद्याचं काय करायचंय, आधीच बघितलेलं बरं.

मग पाठवायचं का? माझं मत, फोनवर दम्याबद्दल नीट उत्तर आलं, परत फिरण्याबद्दल खरा किस्सा ऐकायला मिळाला आणि दुसरा दोर आहे, मदतीची बोट आहे असं कळलं तर पाठवा, आणि पाठवताना आनंदाने पाठवा, दारात उभं राहून रडवेल्या चेहऱ्याने नाही. या चारातलं एक जरी बसत नसेल तर पाठवू नका, आणि लेकीला कारण सांगा, "बाबा नाही म्हणतात" असं नाही तर "त्यांच्याकडे दुसरा दोर नाही" असं. रागावेल. दोन दिवस बोलणार नाही. पण मग तिच्याबरोबर बसून दुसरा कॅम्प शोधा आणि या वेळी फोनवर प्रश्न तिला विचारू द्या.

जाणार असेल तर अजून एक करा. तिच्याशी एक शब्द ठरवा, जो तिने फोनवर उच्चारला की तुम्ही काही न विचारता लीडरला सांगायचं की घरी काम निघालंय, तिला आज उतरवू नका. म्हणजे नको म्हणायचंय पण मैत्रिणींसमोर म्हणता येत नाही तेव्हा दोष तुमच्यावर घेता येईल. आमच्या घरी असा शब्द आहे, मुलाने तीन वर्षांत दोनदा वापरला, दोन्ही वेळा मी का ते विचारलं नाही, एकदा त्याने चार महिन्यांनी स्वतःहून सांगितलं. तिथे रेंज नसेल तर हा शब्द लीडरला माहीत असू दे, मी पूर्वी मुलांच्या पालकांकडून असे शब्द घेऊन वहीत लिहून ठेवायचे.

फोन झाला की काय म्हणाले ते मला कळवा, विशेषतः दम्याचं ऐकून पहिलं वाक्य काय बोलले ते. आणि जाणार असेल तर बॅगेत केसांचे दोन-चार रबर जास्तीचे टाका, एक तुटतोच.